अंधाराला भिणारा शास्त्रज्ञ : वर्तनवादाचे जनक जॉन वॉटसन

टीसीएच किंवा बी.एड. केलेल्या कुठल्याही गुरुजींना वॉटसन हे नाव सांगा, उत्तर ठरलेलं असतं : वर्तनवादाचे जनक. दोन मार्कांचा प्रश्न. परीक्षा संपली की वॉटसनही संपले. पण भीती माणसाला कशी चिकटते हे ज्यांनी जगाला दाखवलं, ते स्वतः आयुष्यभर अंधाराला भीत होते, हे काही गाइडमध्ये छापलेलं नसतं.

जॉन ब्रॉडस वॉटसन यांचा जन्म ९ जानेवारी १८७८ चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातला, ग्रीनव्हिल शहराजवळच्या खेड्यातला. आई एम्मा कट्टर बाप्टिस्ट. पोराने धर्मोपदेशक व्हावं ही तिची इच्छा, म्हणून एका नामवंत धर्मोपदेशकाचं नावच तिने त्याला ठेवलं. वडील पिकन्स अगदी उलट, दारूच्या आहारी गेलेले. जॉन तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईने अंधारात सैतान दबा धरून बसलेला असतो असं पोराच्या डोक्यात भरवलं होतं. आपल्याकडचा बागुलबुवाच तो. ती भीती मोठेपणीही गेली नाही. मन खचलं की वॉटसन दिवा लावून झोपत.

शाळेत उनाड, मारामाऱ्या करणारा हा मुलगा सोळाव्या वर्षी ग्रीनव्हिलच्याच फर्मन विद्यापीठात शिरला आणि पुढे शिकागोला पोचला. खिशात पैसे नव्हते. खाणावळीत वाढप्याचं काम केलं, झाडलोट केली, प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर सांभाळले. १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तीही उंदीर कसे शिकतात याच विषयावर. १९०८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. तिथे त्यांना आणणारे विभागप्रमुख बाल्डविन यांना एका भानगडीमुळे वर्षभरातच जावं लागलं आणि तिशीतल्या वॉटसन यांच्या हाती विभाग आला, एका मोठ्या नियतकालिकाचं संपादनही आलं.

त्या काळचं मानसशास्त्र कसं होतं? जर्मनीत लायप्झिगला वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मुख्य साधन म्हणजे अंतर्निरीक्षण. माणसाला घड्याळाची टिकटिक ऐकवायची, रंग दाखवायचा आणि मनात काय घडलं ते त्यालाच बारकाईने सांगायला लावायचं. अडचण अशी की दोन प्रयोगशाळांतल्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं तर खरं कोणाचं? दुसऱ्याच्या मनात डोकावून खात्री कोण करणार? वॉटसन यांचा मुद्दा साधा होता. उंदराला आपण काही विचारत नाही, तरी त्याचा अभ्यास होतो. मग माणसाचाही तसाच करा. बाहेरून काय घडलं आणि त्यावर त्याने काय केलं, एवढंच मोजा. मन, जाणीव हे शब्द शास्त्रातून काढून टाका. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी हे व्याख्यानातून मांडलं. दोनच वर्षांत, १९१५ मध्ये, ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते.

मग विचार करणं म्हणजे काय, असा प्रश्न येणारच. वॉटसन म्हणत, विचार म्हणजे आवाज न करता केलेलं बोलणं, घशाच्या स्नायूंची सूक्ष्म हालचाल. इथे गाडी अडते. दाढ ठणकत असताना पाहुण्यांना हसतमुखाने चहा देणारी बाई घ्या. वागणुकीत दुखणं कुठेच नाही, म्हणून ते नाहीच का? तत्त्वज्ञांनी पुढे हाच काथ्याकूट केला. १९४९ मध्ये ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइल यांनी हा विचार बराच सफाईने मांडला : मन ही शरीरात दडलेली वेगळी वस्तू नाही, आपण कसे वागतो आणि वागू शकतो याविषयीच आपण बोलत असतो. पण दाढेचा प्रश्न पुरता सुटला नाही तो नाहीच.

वॉटसन यांना असल्या चर्चेत रस नव्हता. त्यांना प्रयोग हवा होता. १९१९-२० च्या हिवाळ्यात त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी रोझली रेनर हिने एक तान्हं बाळ निवडलं. आई त्याच इस्पितळात दुसऱ्यांच्या बाळांना दूध पाजण्याचं काम करायची. नऊ महिन्यांचं असताना ते बाळ उंदराला, सशाला, माकडाला, कशालाच भीत नव्हतं. अकराव्या महिन्यात प्रयोग सुरू झाला. बाळाने पांढऱ्या उंदराकडे हात नेला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. आठवड्याच्या अंतराने दोन दिवसांत मिळून सात वेळा. त्यानंतर उंदीर नुसता दिसला तरी बाळ रडत दूर पळू लागलं. पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही बिचकू लागलं.

ती भीती काढली मात्र नाही. बाळ इस्पितळातून जाणार हे वॉटसन यांना आधीपासून ठाऊक होतं, तरीही. प्रयोग आज कोणी करू देणार नाही हे तर झालंच, पण माझ्या मते खरा दोष हातोड्यापेक्षा या निघून जाऊ देण्यात आहे. अल्बर्ट या नावाने गाजलेलं ते बाळ नेमकं कोण, यावर अभ्यासक आजही भांडतात. भीती काढण्याचं काम १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी केलं, तेही वॉटसन यांच्या सल्ल्याने. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला खाऊ द्यायचा आणि ससा रोज थोडा जवळ आणायचा. आज भयगंडावर होणाऱ्या उपचारांचं मूळ यात आहे. वर्तनवादाचं देणं शोधायचं तर ते इथे सापडतं.

तोवर वॉटसन विद्यापीठात राहिले नव्हते. रोझलीशी त्यांचे संबंध जुळले, पत्नी मेरीच्या हाती प्रेमपत्रं लागली आणि १९२० मध्ये राजीनामा द्यावा लागला. घटस्फोटाच्या बातम्या पेपरांत झळकल्या. मित्रांनी पाठ फिरवली. ज्यांच्या मानसशास्त्रावर वॉटसन तुटून पडले होते ते टिचनर मात्र पाठीशी उभे राहिले. रोझलीशी लग्न झालं. नोकरी मिळाली ती जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत. सुरुवातीला रबरी बुटांची पाहणी आणि दुकानात काउंटरवर विक्री, चार वर्षांत थेट उपाध्यक्ष. पगार प्राध्यापकीच्या कितीतरी पट.

१९२८ मध्ये त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. मुलांना कुशीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. फारच झालं तर रात्री कपाळावर एक पापी, सकाळी हस्तांदोलन. स्वतःच्या घरातही तोच कायदा. दोन वर्षांनी रोझलीने एका मासिकात लिहिलं की हे सगळं आपल्याला पूर्ण जमत नाही, मुलांवर माया करावीशी वाटते. १९३५ मध्ये आमांशाने ती गेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. वॉटसन कोलमडले. तिचा थोरला मुलगा मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि त्याने आत्महत्या केली. धाकट्याने पुढे सांगितलं की घरात प्रेम दाखवण्याची सोयच नव्हती.

निवृत्तीनंतर ते कनेक्टिकटमधल्या शेतावर जनावरांच्या सोबतीने राहिले. १९५७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने त्यांना सुवर्णपदक जाहीर केलं. ते न्यूयॉर्कपर्यंत गेले. पण सभागृहात आपल्याला रडू कोसळेल या भीतीने ऐनवेळी आत गेलेच नाहीत. पदक घ्यायला मुलाला पाठवलं. मरणाआधी त्यांनी आपले अप्रकाशित कागद आणि पत्रं जाळून टाकली. २५ सप्टेंबर १९५८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते गेले.