दाखला जोडलेली कविता

शाळकरी मुलाने बरी कविता लिहिली की वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो, ती कोणी लिहून दिली, हा. या संशयाला एका मुलीला केवढ्या प्रमाणावर तोंड द्यावे लागले, ते फिलिस व्हीटलीच्या चरित्रात पाहावयास मिळते.

१७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून गुलाम भरून आणलेले एक जहाज अमेरिकेतील बोस्टन बंदराला लागले. त्यातील एका कृश मुलीचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते. त्यावरून तिचे वय सात-आठ वर्षांचे ठरविण्यात आले. जॉन व्हीटली यांनी पत्नीच्या सेवेसाठी तिला विकत घेतले. जहाजाचे नाव फिलिस, म्हणून तीही फिलिस, आडनाव धन्याचे. या घराने मात्र एक विलक्षण गोष्ट केली. धन्याच्या मुलीने तिला लिहावाचावयास शिकविले. सोळा महिन्यांत ती बायबल वाचू लागली, पुढे लॅटिनही शिकली, आणि १७६७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तिची कविता न्यूपोर्टच्या वृत्तपत्रात छापून आली. १७७० मध्ये धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या निधनावर लिहिलेल्या विलापिकेने तिचे नाव इंग्लंडपर्यंत पोचविले.

तिच्या काव्यावर अलेक्झांडर पोपच्या वळणाची दाट छाया आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आपल्याच भाषेत लिहिला व तो 'ज्ञानोदया'त आला. फिलिसची मातृभाषाच हिरावली गेली होती. पुढ्यात आलेल्या साच्यात तिने लिहावे यात नवल कसले? तरीही डार्टमथच्या अर्लला उद्देशून लिहिलेल्या कवितेत बापापासून झालेल्या ताटातुटीचे दुःख तो साचा फोडून वर येते.

१७७२ मध्ये बोस्टन येथे संग्रहासाठी आगाऊ वर्गणीदार मिळविण्याचा यत्न फसला. तेव्हा गव्हर्नर टॉमस हचिन्सन, जॉन हॅन्कॉक यांच्यासह अठरा प्रतिष्ठितांनी, या कविता खरोखर तिच्याच असल्याच्या दाखल्यावर सह्या केल्या. तो दाखला जोडून १७७३ साली लंडनमध्ये संग्रह निघाला. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक विसंगती डाचते. जिची गणना धन्याच्या मालमत्तेत, ती स्वतःच ग्रंथाची स्वामिनी! त्याच वर्षी तिला मुक्तता मिळाली आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबरमधील एका पत्रात ती न्यू हेवनच्या परिचिताला प्रती खपविण्याची गळ घालते, कारण विक्रीत अर्धा वाटा तिचा होता. तेथील मुद्रकांनी पुस्तक परस्पर छापू नये म्हणून लक्ष ठेवण्यासही सांगते. बाजाराची ही जाण तिला कोणी शिकविली असेल?

१७७८ मध्ये तिने जॉन पीटर्स या मुक्त कृष्णवर्णीयाशी विवाह केला. युद्धाचे दिवस, कागदी चलनाचे मूल्य ढासळत चाललेले, पती कर्जात. १७७९ मध्ये तिने ३०० पानांच्या दुसऱ्या संग्रहाची जाहिरात दिली. वर्गणीदार आले नाहीत. त्या वेळी अठरा सह्यांपैकी एकही सही कामास आली नाही. ५ डिसेंबर १७८४ रोजी, सुमारे एकतिसाव्या वर्षी, बोस्टनमध्ये तिचे दारिद्र्यात निधन झाले. दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित नाहीसे झाले. पहिल्या संग्रहाची अमेरिकेतील आवृत्ती फिलाडेल्फियात निघाली ती १७८६ मध्ये.