सारा, भाव आणि मान

माधवराव बागल मुळात चित्रकार. १८९५ साली जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रंगरेषा शिकले. वडील खंडेराव हे वकील, सत्यशोधक आणि ‘हंटर’ साप्ताहिकाचे संपादक. त्यामुळे कुणब्याची गाऱ्हाणी माधवरावांना घरातच ऐकायला मिळाली.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव निम्म्यापर्यंत कोसळले. सारा मात्र रोख रकमेत ठरलेला. तो जागचा हलला नाही. एक पोते विकून भागणाऱ्या हप्त्याला आता दोन पोती लागू लागली. उरलेली तूट सावकार भरून काढी. खातेवहीत थकबाकी दिसते. सावकाराच्या ओसरीवर ताटकळणे कुठल्या रकान्यात मांडायचे? त्यातून हा शेतकरी शाहू महाराजांच्या कोल्हापूरचा. १९०२ साली महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, हे त्याच्या घरात ठाऊक होते. एकदा ताठ झालेली मान पुन्हा वाकवणे फार जड जाते.

बागलांनी हे ओळखले. १९३८ साली साराकपातीसाठी त्यांनी शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. १९३९ साली जयसिंगपुरात प्रजापरिषद भरवून जबाबदार राज्यपद्धती मागितली आणि तुरुंगवास पत्करला. साऱ्यातली सूट ही मेहेरबानी; मत हा हक्क. तो फरक त्यांनी गावोगाव पोहोचवला.

मार्च १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजधानीचे जिल्ह्याचे ठिकाण झाले. मान दुखावलेल्या माणसाला शेजाऱ्याकडे बोट दाखवणारे राजकारण नेहमीच सोपे असते. बागल त्या वाटेला गेले नाहीत. १९५० साली त्यांनी बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे उभारले, तेही बाबासाहेब हयात असताना. पुढे ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांनी सत्ताधारी काँग्रेसला आपला हिसका दाखवला.

१९८६ साली बागल गेले. त्याच जयसिंगपुरात पुढे ऊस परिषदा भरू लागल्या. उसाच्या दरासाठी लढणाऱ्या संघटनेने नाव घेतले ‘स्वाभिमानी’, आणि तिचे नेते राजू शेट्टी २००९ व २०१४ साली लोकसभेत पोहोचले. मागणी रुपयांची आणि नाव मानाचे, यात शेतकऱ्याला काही वावगे वाटले नाही. मते मागायला येणाऱ्याने हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडायला शिकले पाहिजे.