लोकरीची टोपी आणि फायबरचा मुखवटा

आइस हॉकी हा आपल्यापैकी फारच थोड्या जणींनी पाहिलेला खेळ. बर्फाच्या गुळगुळीत मैदानावर, पायात स्केट्स घालून खेळायचा. चेंडूऐवजी असते पक, म्हणजे टणक रबराची चपटी चकती. ती सुटते अगदी बंदुकीच्या गोळीसारखी. आणि तरीही कॅनडा-अमेरिकेतले गोलकीपर वर्षानुवर्षं उघड्या तोंडाने तिच्यासमोर उभे राहायचे! ही रीत मोडली ती जाक प्लांत यांनी.

जाक यांचा जन्म १७ जानेवारी १९२९ चा, क्वेबेक प्रांतातल्या एका शेतावरचा. अकरा भावंडांत हे थोरले. वडील पुढे कारखान्यात लागले, पण खाणारी तोंडं बरीच. मग धाकट्यांना सांभाळणं, स्वयंपाकाला हात लावणं ओघानंच आलं. आईने विणकामही शिकवलं. आपल्याकडे मुलाच्या हातात लोकरीच्या सुया दिसल्या तर अजूनही चारजणी तोंडाला पदर लावतील. जाक यांनी मात्र नामांकित खेळाडू झाल्यावरही सुया सोडल्या नाहीत.

लहानपणापासून दमा. बर्फावर फार वेळ धावणं झेपेना, म्हणून ते गोलमध्ये उभे राहिले. वडिलांनी झाडाच्या मुळापासून स्टिक कोरून दिली. बटाट्याच्या पोत्यांत भर घालून, त्यांना फळ्या लावून पायांचे पॅड झाले. डोक्यावर टोपी स्वतः विणलेली. १९५२ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्स या मोठ्या संघात बोलावणं आलं, तेव्हा प्रशिक्षकांनी पहिल्यांदा ती टोपी काढायला लावली!

खेळ मात्र असा, की १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं संघाने स्टॅन्ली कप जिंकला. गोल सोडून पुढे येत पक अडवायची त्यांची पद्धतही तेव्हा नवलाची होती.

पण चेहऱ्याचे हाल काय सांगावेत! नाक, गालाची हाडं, टाके... सायनसच्या ऑपरेशननंतर ते सरावात मास्क लावू लागले. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. मास्कने नजर अडते आणि मास्क लावणारा भित्रा, असाच तेव्हाचा समज. त्याआधी १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्ट यांनी काही सामन्यांत चामड्याचा मास्क लावला होता. आणि मैत्रिणींनो, त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, क्वीन्स विद्यापीठाची एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीची जाळी तोंडावर बांधून गोलमध्ये उभी राहिली होती. पण रीत काही पडली नाही.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचा सामना. अँडी बाथगेट यांचा फटका थेट तोंडावर बसला. रक्तबंबाळ जाक आत गेले, टाके पडले. मास्कशिवाय परत येणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलकीपर नसायचा. ब्लेक यांचा नाइलाज झाला. फायबरग्लासचा मास्क लावून जाक उतरले आणि संघ ३-१ ने जिंकला. विजयाची घोडदौड पुढेही चालूच राहिली. मार्च १९६० मध्ये एका सामन्यापुरता मास्क काढायला लावला, तो सामना हरले. मग मास्क कायमचाच चढला. १९७० मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पक कपाळावर आदळून मास्क फुटला, जाक बेशुद्ध पडले. पण जीव वाचला.

पुढे त्यांनी फ्रेंच टीव्हीवर समालोचन केलं, गोलकीपरांसाठी पुस्तक लिहिलं. विद्या झाकून ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. १९७२ मध्ये कॅनडा-रशिया मालिका सुरू होण्याआधी ते चक्क रशियाच्या तरुण गोलकीपरला, त्रेत्याकला, भेटले आणि कॅनडाचे खेळाडू कसे फटके मारतात ते समजावून आले. पहिला सामना रशियाने ७-३ ने जिंकला!

फेब्रुवारी १९८६ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, कॅन्सरने स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच्या कितीतरी आधीच बिनमास्कचा गोलकीपर दिसेनासा झाला होता.

जिवाला जपणं म्हणजे भित्रेपणा नाही, हे त्यांनी भरल्या मैदानात दाखवून दिलं. दुखणं अंगावर काढण्यालाच शहाणपण समजणाऱ्या आपण बायकांनी एवढं तरी त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे?