काशीपूरची रात्रपाळी

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना करुणा अगदी सुरुवातीलाच येते. आज ते वाचताना मला श्रीरामकृष्ण परमहंसांचे शेवटचे महिने आठवले.

१८८५ मध्ये त्यांचा घसा दुखू लागला. निदान झालं, कॅन्सर. दक्षिणेश्वरहून त्यांना आधी कलकत्त्यात श्यामपुकुरला आणि डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरी आणलं. डॉ. महेंद्रलाल सरकार औषध देत होते, पण आजार वाढतच गेला, गिळणंही अवघड झालं. सारदामाता पथ्याचं पातळ अन्न शिजवत. घरभाडं सुरेंद्रनाथ मित्र देत.

आणि रात्री उशाशी कोण? बहुतेक विशीतली पोरं! आपल्या ऑन-कॉलसारख्या त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. नरेंद्रचे वडील वारलेले, घरी ओढगस्त, कायद्याचा अभ्यास चालू. तरी तो तिथेच. संसर्गाच्या भीतीने काही जण बिचकले, तेव्हा त्याने गुरूंची उष्टी पेज पिऊन टाकली, असं चरित्रकार सांगतात.

१६ ऑगस्ट १८८६ ला परमहंसांनी देह ठेवला. एकत्र जागलेल्या त्याच पोरांतून पुढे रामकृष्ण संघ उभा राहिला. नरेंद्र विवेकानंद झाला.

आम्हा इंजिनिअर लोकांना प्रत्येक प्रॉब्लेम सुटायलाच हवा असतो. हा सुटणारा नव्हता. तरी दोन घोट पाजायला, रात्री जवळ बसायला माणूस लागतच होतं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं अंथरुणाला खिळलं असेल, तर आजचा पाठ त्यांच्या उशाशी बसून करा. आणि रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्या.