डबा कुणासाठी भरायचा?

तुमच्या ऑफिसातली किंवा वर्कशॉपमधली फर्स्ट एडची पेटी शेवटची कधी उघडली होती, आठवतंय? आत बहुतेक डोकेदुखीच्या गोळ्या, अर्धवट संपलेला बाम आणि सुकलेली चिकटपट्टी सापडेल. पेटीत काय ठेवायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. त्याचं उत्तर ज्यानं कामगारांच्या जखमांकडे बघून शोधलं, त्याचं नाव तुम्ही रोज वाचता. रॉबर्ट वूड जॉन्सन.

हा 1845 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मला. सोळाव्या वर्षी नातेवाइकाच्या औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि तिथं औषधी लेपाच्या पट्ट्या बनवायला शिकला. त्या काळी ऑपरेशन नीट झालं तरी पेशंट जखम चिघळून दगावायचा. जंतू मारले तर माणूस वाचतो, हे ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर कानीकपाळी ओरडून सांगत होता. 1876 मध्ये फिलाडेल्फियात येऊनही त्यानं तेच सांगितलं. पुष्कळ डॉक्टरांना ते पटेना. जॉन्सनला पटलं. 1886 मध्ये जेम्स आणि एडवर्ड या भावांबरोबर त्यानं न्यू ब्रन्सविकला कंपनी काढली. सुरुवातीला कामगार फक्त 14, माल म्हणजे जंतुनाशक ड्रेसिंग.

पण ड्रेसिंग हॉस्पिटलात आणि अपघात रुळांवर, त्याचं काय? तेव्हा डबे जोडताना कामगाराला दोन डब्यांच्या मधे उभं राहून हातानं खिळा बसवावा लागे. क्षणभर चूक झाली की बोटं चिरडलीच. आणि डॉक्टर कित्येक मैल लांब! कंपनीच्या इतिहासात सांगतात, की एका रेल्वे प्रवासात जॉन्सनची गाठ रेल्वेच्या मुख्य सर्जनशी पडली आणि ही अडचण त्याच्या कानावर आली. 1888 मध्ये रेल्वे कामगारांसाठी फर्स्ट एड किट बाजारात आली.

यातली गंमत लक्षात घ्या. आपल्याकडे विकायला काय आहे, इथून त्यानं सुरुवात केली नाही. इथं काम करणाऱ्याला नेमकं काय होतं आणि डॉक्टर येईपर्यंत शेजारचा माणूस काय करू शकतो, इथून केली. म्हणून पेटीत बँडेज आणि स्वच्छ ड्रेसिंगला पहिला मान मिळाला. पुढे 1901 मध्ये कंपनीनं प्रथमोपचाराची पुस्तिकाही काढली, कारण वापरणारे हात अडाणी असतील तर भरलेली पेटीही रिकामीच. 1910 मध्ये जॉन्सन गेला.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यानंही हाच धागा पकडला. दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी, ती कामाच्या वेळेत कायम हाताशी, प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात आणि ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय आत दुसरं काही नाही, असं त्यात लिहिलं गेलं. म्हणजे बाम, सुट्टे पैसे, रबरबँड वगैरे बाहेर!

आता तुमच्या जागेकडे बघा. किचन असेल तर भाजणं, वर्कशॉप असेल तर कापणं आणि डोळ्यात कण जाणं, गोदाम असेल तर पाय मुरगळणं. मागच्या वर्षभरात कुणाला काय लागलं, हे तिथल्या लोकांनाच विचारा. मग यादी करा, तारखा तपासा, मुदत संपलेलं फेका. आणि किल्ली? ती साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर आधी तिथून काढा.