समुद्राची नोंदवही राखणारा शास्त्रज्ञ

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ शहरात रेशमी जाळीच्या तुकड्यांचा एक अपूर्व संग्रह आहे. प्रत्येक तुकड्यावर समुद्रातील सूक्ष्म जीव चिकटलेले आहेत. तो तुकडा कोणत्या वर्षी, कोणत्या सागरी मार्गावर पाण्यातून ओढला गेला, याची नोंदही सोबत आहे. प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातील जुने नमुने बाहेर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने तपासले. प्लवकांच्या गर्दीत त्यांना काही रंगीत तंतू दिसले. हे तंतू कोणत्याही जीवाचे नव्हते. ते प्लास्टिकचे होते.

या संशोधनाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सूक्ष्म प्लास्टिक, म्हणजेच मायक्रोप्लास्टिक, हा शब्द जगभर रुळला. ज्यांच्या यंत्रामुळे हा पुरावा हाती लागला, ते सर अ‍ॅलिस्टर हार्डी मात्र त्याआधी १९ वर्षे हे जग सोडून गेले होते.

हेरिंगच्या पोटातील कोडे

अ‍ॅलिस्टर क्लेव्हरिंग हार्डी यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडील वास्तुविशारद होते. अ‍ॅलिस्टर यांच्या हातातही रेषा आणि रंग होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांचे शिक्षण सुरू होते न होते तोच पहिले महायुद्ध पेटले आणि ते सैन्यात गेले. तेथे शत्रूच्या नजरेस धूळ फेकणाऱ्या रंगरंगोटीचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे, प्रशिक्षण त्यांना मिळाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा प्राणिशास्त्राकडे वळले. पुढे सागरी जीवांची जलरंगातील चित्रे त्यांनी स्वतः रंगवली आणि आपल्या ग्रंथांतही वापरली.

१९२१ मध्ये लोस्टॉफ्ट येथील सरकारी मत्स्य प्रयोगशाळेत ते रुजू झाले. हेरिंग हा आपल्याकडील तारलीच्या कुळातला मासा. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटत असे. हा मासा एखाद्या वर्षी भरभरून मिळे, तर एखाद्या वर्षी नौका रिकाम्या परतत. असे का होते, हे कोडे सोडवण्यासाठी हार्डी यांनी हेरिंगच्या पोटात काय सापडते, हे तपासण्यास सुरुवात केली.

त्यातून त्यांनी १९२४ मध्ये हेरिंगच्या आहाराचा एक आराखडा प्रसिद्ध केला. सूक्ष्म वनस्पती प्लवकांवर जगणारे कोपेपॉड, कोपेपॉड खाणारे लहानमोठे जीव आणि या साऱ्यांवर पोसणारा हेरिंग, असे बाणांनी जोडलेले जाळे त्यात होते. परिसरशास्त्राच्या अभ्यासात अन्नजाळ्याची ही आकृती प्रसिद्ध आहे. कॅलॅनस नावाचा तांदळाच्या दाण्याहूनही लहान कोपेपॉड हे हेरिंगचे महत्त्वाचे अन्न असल्याचे या अभ्यासातून पुढे आले.

मच्छीमारांसाठी त्यांनी एक साधे उपकरणही बनवले. नळकांड्यासारख्या या उपकरणात रेशमी जाळीची चकती असे. नौकेमागे थोडा वेळ ओढून ती बाहेर काढली की समुद्रात काय आहे, हे डोळ्यांना दिसे. चकती हिरवी झाली, तर तेथे वनस्पती प्लवकांची दाटी आहे आणि हेरिंग मिळण्याची शक्यता कमी, असा आडाखा बांधता येई.

दक्षिण ध्रुवाकडची वाट

हार्डी यांना एका मोठ्या मोहिमेचे निमंत्रण आले. दक्षिण जॉर्जिया बेटाच्या परिसरात देवमाशांची बेसुमार शिकार सुरू होती. देवमासे संपून जातील, या भीतीने त्यांचा आणि त्यांच्या अन्नाचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे ठरले. कॅप्टन स्कॉट यांनी पूर्वी वापरलेल्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून हार्डी दक्षिणेकडे निघाले.

देवमाशांचे अन्न म्हणजे क्रिल हे कोळंबीसारखे लहान प्राणी. ते समुद्रात सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. कुठे त्यांचे दाट थवे, तर कुठे मैलोगणती काहीच नाही. जहाज थांबवून एका जागी जाळे सोडले, तर हाती येणारे चित्र अपुरेच राहणार, हे हार्डी यांना ठाऊक होते. चालत्या जहाजामागे अखंड नमुने घेणारे यंत्र हवे, या विचारातून ‘कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर’ जन्माला आला. डिस्कव्हरीच्या मोहिमेत त्याची पहिली आवृत्ती वापरली गेली.

या यंत्राची रचना साधी आहे. सुमारे एक मीटर लांबीच्या धातूच्या पेटीला पुढे छोटेसे तोंड असते. त्यातून पाणी आत शिरते आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळले जाते. जाळीची छिद्रे सुमारे पाव मिलिमीटरची. पाण्याच्या जोरावर मागचा पंखा फिरतो आणि त्याच्या गतीने पट्टी हळूहळू पुढे सरकते. तिच्यावर रेशमाची दुसरी पट्टी येऊन बसते आणि दोन्ही पट्ट्या फॉर्मॅलिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. सुमारे १० सेंटिमीटर पट्टीवर १० सागरी मैलांचा समुद्र उमटतो. विजेची किंवा शास्त्रज्ञाच्या उपस्थितीची गरज नाही.

मालवाहू जहाजांची साथ

१९२७ मध्ये हार्डी परतले. त्याच वर्षी सागरी जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गार्स्टँग यांच्या कन्या सिल्व्हिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ मध्ये हल येथील नव्या विद्यापीठ महाविद्यालयात ते प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

हल हे गजबजलेले बंदर. तेथून मालवाहू जहाजे नियमित मार्गांवर ये-जा करीत. संशोधनासाठी वेगळे जहाज पाठवण्याचा खर्च प्रचंड होता. मग या जहाजांनाच आपले यंत्र ओढायला का सांगू नये, असा विचार हार्डी यांनी केला. जहाज कंपन्यांनी सहकार्य केले, खलाशांनी यंत्र समुद्रात सोडण्याचे आणि परत ओढून घेण्याचे काम पत्करले. सप्टेंबर १९३१ मध्ये उत्तर समुद्रात ही पाहणी सुरू झाली.

त्या वेळी नायलॉन अस्तित्वात नव्हते. ते १९३५ मध्ये तयार झाले. मासेमारीच्या जाळ्या आणि दोर सुताचे आणि तागासारख्या वनस्पतींच्या धाग्यांचे असत. म्हणजे प्लास्टिकचे युग अवतरण्यापूर्वीच समुद्राची ही नोंदवही उघडली गेली होती.

दुसऱ्या महायुद्धात काम थांबले आणि १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९४० मध्ये हार्डी रॉयल सोसायटीचे फेलो झाले होते. १९४२ मध्ये ते अ‍ॅबर्डीनला आणि १९४६ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९५६ मध्ये त्यांचा ‘द ओपन सी’ हा ग्रंथ आला आणि सर्वसामान्य वाचकांनाही प्लवकांच्या अद्भुत दुनियेची ओळख झाली. १९५७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांचे कुतूहल समुद्रापुरते नव्हते. हलला असताना पतंगांना जाळ्या बांधून त्यांनी हवेतील कीटकांचा अभ्यास केला होता. निवृत्तीनंतर १९६९ मध्ये माणसांच्या आध्यात्मिक अनुभवांचा अभ्यास करणारे केंद्र त्यांनी ऑक्सफर्डमध्ये स्थापन केले. २२ मे १९८५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बंद पडता पडता

हार्डी गेले आणि त्यांच्या पाहणीवरही संकट आले. वर्षानुवर्षे त्याच मार्गांवर तेच यंत्र ओढत राहण्यात नवे संशोधन ते कोणते, असा प्रश्न अशा कामाला नेहमीच विचारला जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी निधी आटला आणि पाहणी बंद पडण्याच्या बेतात आली. अखेर हार्डी यांच्याच नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने ती तारली. २०१८ मध्ये हे प्रतिष्ठान प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमध्ये विलीन झाले.

ती तेव्हा कायमची थांबली असती, तर काय झाले असते, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. थॉम्पसन यांच्या गटाने अ‍ॅबर्डीन ते शेटलंड आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्यूल स्केरी बेट ते आइसलंड या दोन मार्गांवरील १९६०च्या दशकापासूनचे नमुने तपासले. १९६० आणि १९७०च्या दशकांच्या तुलनेत १९८० आणि १९९०च्या दशकांत प्लास्टिकच्या तंतूंचे प्रमाण लक्षणीय वाढले होते. आज समुद्रात प्लास्टिक आहे, हे कोणीही पाणी गाळून सांगू शकतो. ते कधीपासून वाढले, हे सांगायला मात्र जुने पाणी लागते. ते हार्डी यांच्या रेशमात जपले गेले होते.

२०१९ मध्ये याच पाहणीतून आणखी एक पुरावा पुढे आला. यंत्र ओढताना त्यात काही अडकले, तर त्याचीही नोंद ठेवण्याची शिस्त येथे होती. त्या नोंदी चाळल्यावर १९५७ मध्ये अडकलेली प्लास्टिकची सुतळी आणि १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस सापडलेली प्लास्टिकची पिशवी हाती लागली. खुल्या समुद्रातील प्लास्टिकच्या सर्वात जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. १९९०च्या दशकापासून असे अडकणे लक्षणीय वाढल्याचेही दिसले.

पुन्हा तोच कॅलॅनस

प्लास्टिक समुद्रात आहे, पण त्याने जीवांचे काय बिघडते? २००४ च्या अभ्यासातच गांडुळासारखे वाळूतील कृमी, बार्नॅकल आणि अँफिपॉड यांनी प्रयोगशाळेत काही दिवसांतच प्लास्टिकचे कण गिळल्याचे दिसले होते. २०१५ मध्ये प्लिमथमधील शास्त्रज्ञांनी कॅलॅनसवरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. पाण्यात शेवाळाच्या पेशींसोबत प्लास्टिकचे सूक्ष्म मणी सोडले, तेव्हा या जीवांच्या पोटात कमी अन्न गेले. काही दिवसांनी त्यांनी घातलेली अंडी आकाराने लहान होती आणि त्यांतून पिले बाहेर येण्याचे प्रमाणही घटले. प्रयोगातील मण्यांचे प्रमाण खुल्या समुद्रात आढळणाऱ्या प्रमाणाहून बरेच जास्त होते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. तरीही धोक्याची दिशा त्यातून स्पष्ट होते.

हार्डी यांनी १९२४ मध्ये काढलेल्या त्या आकृतीत हेरिंगकडे जाणारे बाण याच कुळातील जिवांपासून निघतात. हेरिंगच्या पुढे मोठे मासे, समुद्रपक्षी आणि माणूस आहेच.

हार्डी यांनी प्लास्टिकचा शोध घेण्यासाठी यंत्र बनवले नव्हते. हेरिंग कुठे मिळेल आणि देवमासे कशावर जगतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पण मोजणीची पद्धत सतत बदलायची नाही, नमुना फेकायचा नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची, हा पायंडा त्यांनी घातला. त्यांच्या यंत्राची सुधारित रूपे आजही मालवाहू जहाजांमागून समुद्रात ओढली जातात आणि रेशमाची पट्टी पाण्यातून पुढे सरकत राहते. आज तिच्यावर उमटणाऱ्या कशाचा अर्थ पन्नास वर्षांनी लागेल, हे तेव्हाचे शास्त्रज्ञच सांगतील. त्यासाठी पट्टी जपलेली असायला हवी.