आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर

पाळकानें एक वाक्य म्हणावें, मंडळीनें त्यास उत्तर द्यावें. सर्वांनीं एकाच वेळीं उठावें, एकाच वेळीं गुडघे टेंकावे, हा उपासनेचा क्रम आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलेला असतो. तो कोणी घालून दिला, आणि घालून देण्याचा अधिकार त्यास कोठून मिळाला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतो. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत याच प्रश्नापायीं हजारों माणसें प्राणांस मुकलीं. ज्यानें हा क्रम इंग्रजी भाषेंत बसविला, त्या थॉमस क्रॅन्मरचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

क्रॅन्मरचा जन्म २ जुलै १४८९ रोजीं नॉटिंगहॅमशायर परगण्यांतील ॲस्लॉक्टन या खेड्यांत झाला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत तो फेलो झाला. परंतु लग्न केल्यामुळें ती जागा गेली. पहिल्याच बाळंतपणांत पत्नी वारली, तेव्हां कॉलेजानें त्यास परत घेतलें, व पुढें त्यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली. चाळिशी येईपर्यंत तो ग्रंथांत गढलेला एक साधा अध्यापक होता. अशा मनुष्याची इतिहासांत सहसा नोंद होत नसते, हें आम्ही अध्यापक स्वानुभवानें जाणतों!

१५२९ सालीं राजा आठवा हेन्री हा कॅथरिन राणीशीं झालेला आपला विवाह रद्द करूं पाहत होता, आणि पोप त्यास अनुमति देत नव्हता. केंब्रिजमध्यें सांथ आल्यामुळें क्रॅन्मर त्या वेळीं वॉल्थॅम येथें येऊन राहिला होता. तेथें राजाच्या दोन सल्लागारांची व त्याची गांठ पडली, आणि हा वाद विद्यापीठांतील धर्मपंडितांपुढें ठेवावा अशी सूचना त्यानें केली. ती राजास पसंत पडली. १५३३ च्या मार्चमध्यें क्रॅन्मर कॅन्टरबरीचा आर्चबिशप झाला, आणि दोन महिन्यांत त्यानें तो विवाह रद्द ठरविला. पुढच्या वर्षीं पार्लमेंटनें राजास इंग्लंडच्या मंडळीचा सर्वोच्च अधिकारी म्हणून जाहीर केलें.

क्रॅन्मरनें हें राजाची मर्जी राखण्यासाठींच मान्य केलें असें पुष्कळ म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मंडळीच्या बाह्य व्यवस्थेवर देवानें ख्रिस्ती राजासच नेमिलें आहे, अशी त्याची मनापासून खात्री झाली होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिनेंच त्याचा घात केला. १५३२ सालीं न्यूरेंबर्ग येथें त्यानें मार्गारेट नांवाच्या जर्मन स्त्रीशीं दुसरें लग्न केलें होतें. १५३९ च्या कायद्यानें धर्मगुरूंचा विवाह गुन्हा ठरला, तेव्हां त्यानें पत्नीस जर्मनीस पाठवून दिलें आणि आपण जागेवर राहिला.

त्या काळीं उपासना लॅटिनमध्यें चाले. सॉल्सबरीची पद्धत एक, हेरफर्डची दुसरी, यॉर्कची तिसरी. वाचनाचे नियम असे गुंतागुंतीचे झाले होते, कीं आज काय वाचावयाचें हें शोधण्यांतच वेळ जाई, आणि सामान्य जन कांहीं न समजतां उभे राहत. १५३९ सालीं इंग्रजी बायबलाची मोठी प्रत छापून निघाली. दुसऱ्या वर्षींच्या आवृत्तीस क्रॅन्मरनें प्रस्तावना लिहिली. १५४४ सालीं त्यानें विनंतीची प्रार्थना इंग्रजींत आणली. १५४७ च्या जानेवारींत हेन्री क्रॅन्मरचा हात हातांत घेऊन मरण पावला, आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. तेव्हां कोठें क्रॅन्मरचे हात मोकळे झाले.

९ जून १५४९, पेन्टेकॉस्टचा रविवार. त्या दिवसापासून देशांतील प्रत्येक मंदिरांत एकच पुस्तक चालावें असा पार्लमेंटचा कायदा झाला. तें साधारण प्रार्थनेचें पुस्तक. दीडशें स्तोत्रें दर महिन्यास पूर्ण व्हावीं, जुना करार वर्षांतून एकदां व नवा करार, प्रकटीकरणाखेरीज, तीनदां वाचून व्हावा, अशी त्यांत योजना होती. जुन्या लॅटिन प्रार्थना क्रॅन्मरनें अशा इंग्रजींत उतरविल्या, कीं अक्षरशत्रू शेतकऱ्यासही त्या ऐकून पाठ व्हाव्या.

परंतु डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी या गांवच्या लोकांनीं दुसऱ्याच दिवशीं आपल्या पाळकास जुनीं वस्त्रें चढवावयास लावून जुनीच उपासना करविली. बंड पसरलें, एक्सिटर शहरास वेढा पडला. कॉर्नवॉलच्या लोकांची तक्रार अशी, कीं आमच्यांतील कित्येकांस इंग्रजी येतच नाहीं. तुमच्यांत लॅटिन समजणारे अधिक आहेत काय, असा उलट प्रश्न क्रॅन्मरनें त्यांस लेखी उत्तरांत केला. उत्तर बिनतोड खरें; पण त्यांच्या स्वतःच्या भाषेंत पुस्तक कांहीं झालें नाहीं. सैन्यानें हजारों लोक कापून काढले.

१५५२ मध्यें सुधारलेलें दुसरें पुस्तक छापत असतां जॉन नॉक्स यानें, प्रभुभोजन गुडघे टेंकून घेऊं नये, शास्त्रांत तशी आज्ञा नाहीं, असा आक्षेप घेतला. क्रॅन्मरनें ठणकावून कळविलें कीं, उभें राहण्याची किंवा बसण्याची आज्ञा तरी शास्त्रांत कोठें आहे? अशा गोष्टी सर्वांच्या सोयीनें एकदां ठरवाव्या व सर्वांनीं पाळाव्या. एरव्हीं दर वर्षीं नवें पुस्तक केलें तरी असंतुष्टांचें समाधान व्हावयाचें नाहीं. गुडघे टेंकणें कायम राहिलें. त्यानें भाकरीची पूजा अभिप्रेत नाहीं, एवढा खुलासा पुस्तकांत जोडण्यांत आला.

क्रॅन्मरच्या हातास डागही आहेत. जोन बोचर नांवाच्या स्त्रीस १५५० सालीं मतभेदासाठीं जाळण्यांत आलें. तिला दोषी ठरविणाऱ्यांत तो होता.

१५५३ सालीं एडवर्ड वारला आणि रोमन मताची मेरी राणी झाली. क्रॅन्मरवर राजद्रोह शाबीत झाला. मग धर्मद्रोहाचा खटला. ऑक्सफर्डच्या तुरुंगावरून त्यास आपले मित्र लॅटिमर व रिडले जळतांना पाहवयास लाविलें. तो दिवस १६ ऑक्टोबर १५५५. मंडळीच्या व्यवस्थेंत राजाची आज्ञा मानावी असें तो जन्मभर शिकवीत आला होता; आतां राणीचीच आज्ञा होती कीं पोपला मान. या पेंचांतून त्यास वाट दिसेना. मृत्यूचें भय होतें, एकान्त होता. त्यानें एकामागून एक सहा माघारपत्रांवर सह्या केल्या. तरीही राणीनें त्यास सोडलें नाहीं.

२१ मार्च १५५६ रोजीं पाऊस होता, म्हणून सेंट मेरी मंदिरांत लोक जमले. तेथें त्यानें आपली माघार सर्वांसमक्ष वाचावी असें ठरलें होतें. त्यानें सह्या केलेलें सर्व खोटें असल्याचें सांगितलें, व ज्या उजव्या हातानें ते कागद लिहिले तो हात प्रथम जळेल असें जाहीर केलें. लोकांनीं त्यास ओढून खांबाकडे नेलें. ज्वाळा उठतांच त्यानें तो हात पुढें केला आणि आगींत धरून ठेविला. त्याचें वय सहासष्ट वर्षांचें होतें.

मेरीच्या मागून आलेल्या एलिझाबेथनें १५५९ सालीं तें पुस्तक थोड्या फेरफारानें पुनः सुरू केलें. १६४५ मध्यें पार्लमेंटनें त्यावर बंदी घातली; १६६२ मध्यें तें सुधारून परत आलें. इंग्रज मिशनरी देशोदेशीं गेले, त्यांबरोबर तेंही गेलें, आणि पुढें मराठींतही त्याचें भाषांतर झालें.